घरचं नेट स्लो का? राउटर, वाय-फाय आणि फायबरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत कुणाचं नेट अडकलं की बेल माझ्या दाराची वाजते. एका मीटिंगमध्ये 'मला थोडंफार कळतं' असं बोलून बसलो, त्याचं हे फळ. पुढे नातेवाईक, नातेवाईकांचे शेजारी, गावाकडची मंडळी असे सगळेच विचारू लागले. प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. घाईत असाल तर आधी प्रश्न ३ वाचा. बाकीची बरीच उत्तरं त्याच चाचणीवर उभी आहेत.

१. प्लॅन १०० चा आहे, पण काहीही डाउनलोड करताना आकडा ११-१२ च्या वर जात नाही. फसवतायत का आम्हाला?

नाही. प्लॅनमधले १०० म्हणजे मेगाबिट, आणि कॉम्प्युटर डाउनलोड करताना दाखवतो ते मेगाबाइट. ८ बिट मिळून १ बाइट होतो, म्हणून १०० भागिले ८, म्हणजे १२.५. प्रत्येक डाटाच्या पाकिटावर पत्ता वगैरे लिहिण्यात थोडं खर्च होतं आणि हातात ११-१२ उरतात. तेवढे येत असतील तर तुमचं नेट ठणठणीत आहे. स्पीड टेस्टची ॲप बहुतेक मेगाबिटमध्येच आकडा देतात, तेव्हा प्लॅनशी तुलना करायची ती त्या आकड्याची.

२. घरात चार माणसं आहोत. किती स्पीड पुरेसा?

नेटफ्लिक्स स्वतः फुल एचडीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) सांगतं. व्हिडिओ कॉलला याहून कमी लागतो. म्हणजे हॉलमध्ये ४के पिक्चर, आतल्या खोलीत ऑफिसची मीटिंग आणि मुलांचं यूट्यूब एकदम चालू असलं तरी ५० मध्ये निभतं, १०० मध्ये आरामात. माझ्याकडे आलेल्या तक्रारींत प्लॅन अपुरा पडतोय असं क्वचितच निघालं. कंपनीच्या फोनवरची मुलगी मात्र पहिला उपाय '३०० चा घ्या' हाच सांगते.

३. स्लो आहे हे दिसतंय. पण दोष कंपनीचा, राउटरचा की माझ्या लॅपटॉपचा, हे ओळखायचं कसं?

रस्त्याचे दोन तुकडे करा. एक, कंपनीपासून तुमच्या राउटरपर्यंत. दुसरा, राउटरपासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत. पहिला तुकडा कंपनीच्या ताब्यात, दुसरा तुमच्या. लोक इथेच गोंधळतात. दोष दुसऱ्या तुकड्यात असतो आणि भांडण पहिल्याशी चालू असतं.

चाचणीला एक लॅपटॉप, दीड-दोन मीटरची लॅन केबल आणि अर्धा तास लागतो. घरातले बाकीचे फोन आणि टीव्ही वाय-फायवरून काढा. ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं सॉफ्टवेअर) बंद करा. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि स्पीड टेस्ट तीनदा चालवा. हा झाला पहिला आकडा. आता केबल काढा, राउटरपासून चार-पाच फुटांवर बसून वाय-फायवर तीच टेस्ट करा. हा दुसरा. मग जिथे त्रास होतो त्या खोलीत जा, तिसरा. तिन्ही वेळा टेस्टचा सर्व्हर एकच निवडा, नाहीतर तुलनेला अर्थ राहत नाही. आकडे कागदावर लिहा, वेळेसकट.

बी विंगमधल्या एका काकूंकडे हे तीन आकडे आले ते असे: केबलवर ९५, राउटरसमोर ८८, देवघराशेजारच्या खोलीत ९. त्यांनी तोवर दोनदा कंपनी बदलली होती. तारेवर ९५ येतात म्हटल्यावर कंपनीचा काय दोष?

तुमचा पहिलाच आकडा पडलेला असेल तर घरातल्या कोणत्याही सेटिंगला हात लावू नका. प्रश्न १०, १६, १७ आणि २१ बघा. पहिला चांगला पण दुसरा पडला तर ७, ८ आणि १९. फक्त तिसरा पडला तर ६ आणि १४.

४. माझ्या लॅपटॉपला लॅनचं भोकच नाही. मग?

यूएसबीला लावायचा लॅन अडॅप्टर मिळतो. त्यावर 'गिगाबिट' लिहिलेलं बघून घ्या, नाहीतर स्वस्तातला अडॅप्टर १०० च्या आतच अडकतो आणि प्लॅन मोठा असला तर तुम्ही उगाच घाबरता. सोसायटीत एक विकत घेऊन ठेवला तरी सगळ्यांचं काम भागतं. तेही जमत नसेल तर बऱ्यापैकी नवा फोन घेऊन राउटरसमोर उभे राहा आणि ५ गीगाहर्ट्झवर (प्रश्न ७ बघा) टेस्ट करा. केबलइतका भरवशाचा नाही, पण अंदाज येतो.

५. राउटर बंद-चालू केला की दोन दिवस बरा चालतो, मग पुन्हा रडगाणं. रोज हेच करत बसायचं का?

रोज करावं लागत असेल तर कुठेतरी दुखणं आहे. तीन जागा बघा.

पहिली, उष्णता. राउटरच्या पाठीला हात लावा. चटका बसत असेल तर तो टीव्ही युनिटच्या कपाटातून, सेटटॉप बॉक्सच्या डोक्यावरून आणि क्रोशाच्या रुमालाखालून बाहेर काढा. रुमालाची गंमत करत नाहीये, तीन घरांत पाहिलाय.

दुसरी, अडॅप्टर. याकडे कुणाचं लक्ष जात नाही. माझ्याच घरी महिनाभर रात्री नेट जायचं आणि मिनिटभरात परत यायचं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याला फायबर, म्हणजे नेट घेऊन येणारी काचेची तार, ठीक दिसायची. शेवटी लक्षात आलं की सगळे एकदम वापरायला लागले की राउटर मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतोय. १२ व्होल्टचा अडॅप्टर जुना होऊन दमला होता, भार वाढला की व्होल्टेज खाली. नवा बसवला आणि त्रास संपला. बदलताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील, आणि पिनेवरचं अधिक-उणे चिन्ह जुळायला हवं.

तिसरी, राउटरचं सॉफ्टवेअर. सेटिंगच्या पानावर अपडेट दाखवत असेल तर करून घ्या. कंपनीने दिलेला राउटर असेल तर बहुधा अपडेट तिकडूनच येतं.

आणि हो, बंद-चालू करायचं ते बटणाने किंवा प्लग काढून, अर्धा मिनिट थांबून. मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसू नका. ते रीसेट आहे. त्याने कंपनीने भरलेला युजरनेम-पासवर्डही पुसला जाऊ शकतो आणि मग रविवारी केबलवाल्याची वाट बघत बसावं लागतं.

६. राउटर नेमका कुठे ठेवायचा?

जिथून वायर घरात आली तिथे ठेवलेला असतो, म्हणजे नेमका चुकीच्या जागी: मुख्य दारामागे, शू रॅकच्या वर, घराच्या एका टोकाला. वाय-फाय सगळीकडे पसरतं, त्यामुळे टोकाला ठेवलेला राउटर निम्मं नेट जिन्याला वाटतो.

घराच्या साधारण मध्यावर, छातीच्या किंवा डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा. फायबर तिथवर ओढून घ्यायला ऑपरेटर थोडे पैसे घेतो, पण नव्या राउटरपेक्षा ते स्वस्त पडतं. लाटेच्या वाटेत काय येतं ते बघा. काँक्रीटमधल्या सळया, लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रिज, खिडकीची जाळी ही धातूची मंडळी लाट परतवून लावतात. कोकणातल्या घरांत जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती इतक्या जाड की एक ओलांडेपर्यंत जोर संपतो. पाणी लाट पिऊन टाकतं. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एका घरात राउटर आणि अभ्यासाची खोली यांच्यात चार फुटी फिश टँक होता. टँक हलवणं मुलांना मान्य नव्हतं, म्हणून राउटर दोन फूट वर कपाटाच्या डोक्यावर चढवला. त्याच खोलीत ६ चे ४१ झाले.

अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा. अँटेनाच्या टोकातून काही बाहेर पडत नाही, लाट तिच्या कडेने मेदूवड्यासारखी गोल पसरते. दुमजली घरात वर रेंज हवी असेल तर एक अँटेना आडवी करून बघा.

७. वाय-फायची दोन नावं दिसतात, एकापुढे ५जी. ते मोबाइलचं ५जी का? कोणतं वापरू?

मोबाइलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही. ते ५ गीगाहर्ट्झ आहे. दुसरं २.४ गीगाहर्ट्झ. २.४ लांब जातं आणि भिंती बरी ओलांडतं, पण अरुंद आणि गर्दीचं: शेजाऱ्यांची वाय-फाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह सगळे तिथेच. वरण गरम करताना मीटिंग तुटते ती यामुळे. ५ वेगवान आणि मोकळं, पण दोन भिंतींनंतर दमतं.

राउटरच्या खोलीत आणि शेजारच्या खोलीत ५ वापरा. टीव्ही आणि लॅपटॉप तर नक्कीच. लांबच्या खोलीत आणि स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरा यांना २.४ द्या. यातल्या बऱ्याच वस्तूंना ५ दिसतच नाही. दोन्हींना एकच नाव दिलेलं असेल तर राउटर स्वतः ठरवतो, आणि कधीकधी फोन हट्टाने २.४ ला चिकटून बसतो. तसं होत असेल तर नावं वेगळी करा.

८. 'चॅनल बदला' असं सगळे सांगतात. म्हणजे काय करायचं?

चॅनल म्हणजे वाय-फायची एकेक वाट. २.४ गीगाहर्ट्झवर आपल्याकडे १३ चॅनल आहेत, पण ते एकमेकांवर चढलेले. एकमेकांना न अडवणारे तीनच: १, ६ आणि ११. मुंबई-पुण्याच्या इमारतीत एका खोलीतून वीस-पंचवीस वाय-फाय दिसतात आणि ती सगळी या तिघांत वाटणी करून बसतात. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर प्रकारचं ॲप घ्या, कोणत्या चॅनलवर गर्दी कमी आहे ते बघा आणि राउटरच्या पानावर तो ठरवून टाका. हे पान बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर उघडतं. पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो.

मोकळं दिसतंय म्हणून ३ किंवा ८ निवडू नका. दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचा गोंगाट तुमच्या वाट्याला येतो, वर तुम्ही त्यांचं बिघडवता. चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ असेल तर २० करा. अरुंद वाट गर्दीत जास्त चालते. ५ गीगाहर्ट्झवर 'ऑटो' आणि ८० ठेवलं तरी सहसा चालतं.

९. कांड्या फुल दिसतात, तरी पान उघडत नाही. असं कसं?

कांड्या सांगतात फोन ते राउटर एवढंच. राउटरच्या पुढे रस्ता खणून ठेवला असेल तर फोनला त्याचा पत्ता नसतो. रिपीटर (राउटरचं वाय-फाय पकडून पुढे पसरवणारा डबा) लावलेल्या घरात हे हमखास होतं: फोनला रिपीटर जवळ दिसतो, कांड्या फुल, पण रिपीटरलाच राउटर धड ऐकू येत नाही.

१०. दिवसभर मस्त, रात्री ९ नंतर वाट लागते.

दोन शक्यता, आणि दोन्ही गर्दीच्याच. पहिली, तुमच्या इमारतीतली वाय-फायची गर्दी. सगळे एकाच वेळी घरी येतात. दुसरी, कंपनीच्या वाटेवरची गर्दी. घरोघरी येणाऱ्या फायबरचा जो प्रकार आपल्याकडे सर्रास आहे त्यात एका धाग्यावरचे सुमारे २.५ गीगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. एरवी ते पुरतात. पण लोकल ऑपरेटरने पुढे विकत घेतलेली क्षमता तोकडी असेल तर आयपीएलच्या रात्री ते उघडं पडतं.

यातलं कोणतं, हे प्रश्न ३ मधल्या पहिल्या आकड्यावरून कळतं, फक्त तो रात्री १० ला घ्या. केबलवरही पडला तर गर्दी कंपनीची. केबलवर पूर्ण आणि वाय-फायवर पडला तर प्रश्न ७ आणि ८.

११. स्पीड टेस्ट १०० दाखवते, तरी मीटिंगमध्ये 'तुमचा आवाज तुटतोय' ऐकावं लागतं. टेस्ट खोटी का?

टेस्ट खरी आहे, पण तिने विचारलेला प्रश्न वेगळा आहे. ती विचारते, एका वेळी किती माल जाऊ शकतो. मीटिंगला हवं असतं की छोटं पाकीट लगेच जावं. तो आकडा 'पिंग' किंवा 'लेटन्सी' म्हणून टेस्टच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो आणि कुणी बघत नाही.

तो बिघडवणारा गुन्हेगार बहुतेक वेळा अपलोड. भाचीच्या लग्नाहून आल्यावर आमच्या घरी चार फोन एकदम फोटो-व्हिडिओंचा बॅकअप चढवत होते. राउटर ते सगळं स्वतःच्या रांगेत घेऊन ठेवतो, फेकून देत नाही. तुमच्या आवाजाचं पाकीट त्या रांगेच्या शेपटीला उभं राहतं. त्या रात्री एरवी ८ मिलिसेकंद असलेलं पिंग ७०० वर गेलं होतं आणि डाउनलोड मात्र पूर्ण दिसत होता. बॅकअप थांबवला, पिंग परत ८.

तेव्हा आधी अपलोड कोण करतंय ते शोधा. फोनचा बॅकअप रात्री उशिराचा ठेवा. क्लाउडवर चोवीस तास रेकॉर्डिंग पाठवणारे सीसीटीव्ही कॅमेरे असतील तर त्यांचा दर्जा थोडा उतरवा. विंडोजच्या अपडेटमध्ये 'इतर कॉम्प्युटरना अपडेट द्या' असा एक पर्याय असतो, तो बंद करा. राउटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (कोणतं पाकीट आधी सोडायचं ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा प्रत्यक्षाच्या ९० टक्क्यांवर बांधा, रांग साचत नाही. साध्या राउटरवर क्यूओएस चालू केल्याने एकूण स्पीड उतरू शकतो, म्हणून नंतर पुन्हा टेस्ट घ्या.

१२. २०० चा प्लॅन घेतला तरी ९४-९५ च्या पुढे काटा हलत नाही.

९४-९५ हा आकडा दिसला की मी फोनवरच निदान सांगतो: वाटेत कुठेतरी १०० ची कडी आहे. राउटरचं पोर्ट जुन्या पद्धतीचं १०० चं असेल, किंवा लॅन केबलमधली तार तुटली असेल. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० ला दोन पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एखादी जोडी गेली की यंत्रं आपापसांत ठरवून १०० वर उतरतात, तक्रार न करता. एका घरी फर्निचरवाल्याने स्कर्टिंगचा खिळा बरोबर केबलमधून मारला होता आणि दोन वर्षं कुणाला कळलं नव्हतं, कारण प्लॅन १०० चाच होता.

केबल बदलून बघा, कॅट ५ई किंवा कॅट ६. टीव्हीवर टेस्ट घेत असाल तर थांबा: बहुतेक स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्ट मुळातच १०० चं असतं, तिथे ५ गीगाहर्ट्झचं वाय-फाय जास्त पळतं.

१३. शेजारी कुणीतरी आमचं वाय-फाय वापरतंय असा संशय आहे.

राउटरच्या पानावर जोडलेल्या वस्तूंची यादी असते. मोजा. आजकाल टीव्ही, घड्याळ, एसी, सगळेच यादीत असतात, त्यामुळे अनोळखी नाव दिसलं म्हणून लगेच समोरच्यांशी भांडू नका. पासवर्ड बदला. जे बंद पडलं ते तुमचं, पुन्हा जोडून घ्या. दरवेळी पाहुण्यांना पासवर्ड देत असाल तर गेस्ट नेटवर्क चालू करून तो वेगळा ठेवा.

१४. मागच्या खोलीत रेंज नाही. रिपीटर घेऊ, मेश घेऊ की नवा राउटर?

आधी प्रश्न ६. जागा बदलून भागलं तर खर्च वाचला.

रिपीटर स्वस्त, पण एकाच बँडवर (२.४ किंवा ५) ऐकतो आणि त्याच बँडवर बोलतो, म्हणून स्पीड साधारण निम्मा होतो. आणि लोक तो जिथे रेंज नाही तिथेच लावतात. जिथे रेंज अजून चांगली आहे अशा अर्ध्या वाटेवर लावायला हवा. मेशमध्ये दोन-तीन डबे एकाच नावाखाली चालतात आणि फोन चालता चालता एकावरून दुसऱ्यावर जातो. महाग, पण मोठ्या घरात चांगला.

माझं मत विचाराल तर यातलं काही घेण्याआधी मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढा आणि तिथे जुना राउटर ॲक्सेस पॉइंट (केबलने आलेलं नेट फक्त वाय-फायवर सोडणारा डबा) करून लावा. दिसायला वायर दिसते, घरात कुरकुर होते, पण याच्याइतकं पक्कं काही नाही. वाडा किंवा चिऱ्याचं घर असेल तर दुसरा विचारच करू नका.

नवा राउटर केव्हा? जुना फक्त २.४ वर चालत असेल तर. घरात बऱ्याच वस्तू असतील तर वाय-फाय ६ चा बघा. पण दहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपमध्ये फक्त २.४ चं एका अँटेनाचं कार्ड असेल तर त्याचा कागदोपत्री वेग ७२ आणि प्रत्यक्षातला ४०-५०. समोर कोणताही राउटर ठेवा, तो तेवढाच पळणार.

१५. डीएनएस १.१.१.१ किंवा ८.८.८.८ केल्यावर नेट पळतं म्हणतात. खरं?

डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी डिरेक्टरी. कंपनीची डिरेक्टरी संथ असेल तर पान उघडायला सुरुवात व्हायला वेळ लागतो, तेवढा वाचतो. डाउनलोडचा स्पीड जसाच्या तसा राहतो. पान उघडताना आधी दोन-तीन सेकंद काहीच होत नाही आणि मग झपकन सगळं येतं, असं होत असेल तर बदलून बघा.

१६. महिन्याच्या शेवटी शेवटी अगदी बैलगाडी होते.

प्लॅनच्या अटींत एफयूपी, म्हणजे वापराची मर्यादा, शोधा. ठरावीक जीबी संपल्यावर कंपनी स्पीड खाली आणते, 'अनलिमिटेड' लिहिलेलं असलं तरी. ॲपमध्ये वापर किती झाला ते दिसतं. ओळखायची खूण अशी की आकडा वर-खाली होत नाही, २ किंवा ४ अशा एका गोल आकड्यावर रात्रंदिवस खिळून राहतो. सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएस असेल तर त्याला ब्रॉडबँड म्हणायचं. जानेवारी २०२३ च्या आधी ही मर्यादा ५१२ केबीपीएस, म्हणजे जेमतेम अर्धा एमबीपीएस होती.

१७. पाऊस लागला की नेट मंदावतं. फायबरमध्ये तर वीज नसते ना?

फायबरमध्ये वीज नसते, उजेड असतो, आणि काचेला पावसाचं काही नाही. पण वाटेतले जोड, खांबावरच्या डब्या, झाडांतून लोंबणारी वायर यांना असतं. डबीत पाणी शिरतं, वाऱ्याने वायर फांदीला घासते, उंदीर कुरतडतात. घरातही बघा: कपाटामागे फायबर काटकोनात मुडपली असेल तर वाकलेल्या जागी उजेड गळतो.

राउटरच्या पानावर ऑप्टिकल पॉवर किंवा आरएक्स पॉवर असा उणे आकडा असतो. उणे १८-२० छान, उणे २५ ला काळजी, उणे २७ म्हणजे राउटरला उजेड ओळखता येण्याची सीमा. तीनने घसरला म्हणजे उजेड निम्मा झाला. कोरड्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा आणि पावसात पुन्हा बघा, केबलवाल्याशी बोलताना फार कामाला येतो. एलओएस नावाचा लाल दिवा लागला असेल तर उजेड पोचतच नाहीये, थेट फोन करा.

अजून बऱ्याच इमारतींत फायबर जिन्यातल्या डब्यापर्यंतच असते आणि तिथून घरात लॅन केबल. तिथला स्विच कॉमन मीटरवर चालतो. घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेल्यावर नेट जातं ते यामुळे.

गच्चीवर ५जीचा डबा बसवून घेतलेलं एअरफायबर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे टॉवरवरची गर्दी, डब्याची दिशा आणि मध्ये वाढलेलं झाड किंवा नवी इमारत यांवर सगळं ठरतं.

१८. आपल्याकडच्या साइट पळतात, पण मुलाशी अमेरिकेत बोलताना किंवा ऑफिसच्या परदेशी सर्व्हरवर अडकतं.

मग तुमच्या राउटरला दोष देऊ नका. परदेशी वाट समुद्राखालच्या केबलमधून जाते, आणि त्यातल्या बऱ्याच मुंबईच्या किनाऱ्याला लागतात. ६ सप्टेंबर २०२५ ला लाल समुद्रात जेद्दाजवळ मुंबईला येणाऱ्या दोन केबल तुटल्या आणि आपल्याकडे परदेशी वाट मंदावली. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळही असंच झालं होतं. अशा वेळी वाट लांबून वळवतात, पिंग वाढतं आणि थांबण्यावाचून उपाय नसतो.

मुलाशीच फक्त अडकत असेल तर त्यालाही टेस्ट करायला सांगा. तिकडे कितीतरी घरांत टीव्हीच्या केबलवरूनच नेट येतं आणि त्यात अपलोड डाउनलोडच्या मानाने फारच कमी असतो. तुम्हाला तो अडकत-अडकत दिसतो, पण त्याला तुम्ही स्वच्छ दिसता, असं असेल तर बहुधा दोष त्याच्या टोकाला आहे.

१९. ५ गीगाहर्ट्झवर आहे, राउटरसमोर बसलोय, तरी वाय-फायचा वेग नेमका ५४ दाखवतो.

हा चकवा मी दोनदाच पाहिलाय. सिक्युरिटीच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए किंवा टीकेआयपी ही वाय-फायला कुलूप लावायची जुनी पद्धत निवडलेली असेल तर नियमानेच वाय-फायचा वेग ५४ वर उतरतो. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ करा. फोन पुन्हा जोडावे लागतील, एवढंच.

२०. कंपनीच्या डब्यामागे स्वतःचा चांगला राउटर लावला आणि उलट जास्त गडबड सुरू झाली.

दोघंही वाय-फाय सोडतायत आणि एकमेकांच्या बोलण्यात तोंड घालतायत. कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदला. सगळ्यात सोपं म्हणजे तुमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, किंवा कंपनीला सांगून त्यांचा डबा ब्रिज मोडवर घ्या, म्हणजे तो राउटरचं काम सोडून नेट फक्त पुढे पाठवतो. दोन राउटर एकामागे एक असल्याने स्पीड फारसा घटत नाही, पण ऑनलाइन गेम आणि बाहेरून बघायचे सीसीटीव्ही अडतात. ब्रिज करूनही कॅमेरा बाहेरून दिसत नसेल तर कंपनीने एकच पत्ता अनेक घरांना वाटलेला असतो. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुमचा असा कायमचा पत्ता, मागा, त्याचे वेगळे पैसे पडतात.

२१. दोष कंपनीचाच आहे हे पक्कं झालं. आता तक्रार कशी करायची?

'नेट स्लो आहे' असं म्हणू नका. 'लॅन केबलवर, सकाळी ८ ला ९४, रात्री १० ला १७, सलग चार दिवस' असं म्हणा आणि टेस्टचे स्क्रीनशॉट जोडा, त्यांत वेळ दिसू द्या. वाय-फायवरची टेस्ट पाठवलीत तर 'तुमच्या भिंती जाड असतील' म्हणून बोळवण होते, आणि ती रास्तच असते.

तक्रार कॉल सेंटरला किंवा ॲपवर नोंदवा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. ओळखीच्या केबलवाल्याला व्हॉट्सॲप केला तर काम लवकर होतं, पण ती नोंद नव्हे. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलेट ऑथॉरिटीकडे (अपील ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) ३० दिवसांत अपील करता येतं, त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हायला हवा. ट्राय, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था, एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिकडे अर्ज धाडण्यात वेळ घालवू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

फोनवरचा माणूस आधी 'राउटर रीस्टार्ट करा' म्हणेलच. 'केलाय हो दहा वेळा' म्हणून वाद घालू नका. त्याच्यासमोर पुन्हा करा. दोन मिनिटं जातात, पण त्याशिवाय त्याच्या स्क्रीनवर पुढचा रकाना उघडत नाही.